तात्या आणि सावकाराची दाढी

सुरुवातीलाच माफी मागतो. मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी जाणती माणसं लिहितात. माझी मराठी शाळा सहावीत सुटली. त्यानंतर आम्ही इथे, ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनला आलो आणि माझं मराठी आईच्या स्वयंपाकघरात आणि गावच्या फोनवर उरलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाबद्दल चारचौघांसमोर लिहावं एवढा माझा अधिकार आहे का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. शिवाय तात्यांकडून केस कापून घेतलेले पुष्कळ जण हा अंक वाचतील. माझ्याकडून काही निसटलं असेल, तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

तात्या कात्री उचलण्याआधी डोक्यावर हात ठेवायचे. नुसती बोटं नाही, पूर्ण तळवा. मग तो हळूहळू मागे मानेपर्यंत न्यायचे, एखादी जुनी खोक सापडली की तिथे थांबायचे आणि म्हणायचे, "झाडावरून पडला होतास जणू." बहुतेक वेळा माणूस सायकलवरून किंवा बंक-बेडवरून पडलेला असायचा, पण पडलेला असायचा हे खरं. डोकं हाताला कळल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "दोन भोवरे हायत. लग्नं दोन न्हाईत व्हायची, घाबरू नको. केस नुसते ऐकत नाहीत एवढंच."

तात्या संदीपदादाचे वडील. संदीपदादा इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून तात्या दुकान मांडायचे. दुकान म्हणजे ऑफिसातली टाकून दिलेली एक फिरती खुर्ची, ती घरंगळू नये म्हणून चाकाखाली एक वीट, आणि खांद्यावर टाकायला जुनी चादर. आरसा नव्हता. संदीपदादानं एकदा आणून लावला, तर तात्यांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "आरसा कशाला पायजे? मी बघतोय की." जन्मभर त्यांनी नगरकडच्या आपल्या गावात पारावर बसून हजामत केली होती. तिथेही आरसा गिऱ्हाइकाच्या हातात शेवटीच जायचा.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला काम करून पैसे घेता येत नाहीत. तात्यांना ते सोयीचंच वाटायचं. लोक फिजोआ आणायचे. ज्यांच्या घरामागे फिजोआचं झाड आहे त्यांना ठाऊक आहे, की एप्रिलमध्ये ती फळं कुणी फुकट न्यायला तयार झालं तरी उपकार वाटतात. गॅरेजमध्ये पिशव्यांची रांग लागायची. तात्या एक फळ कापून चमच्यानं खायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, "वास पेरूचा, चव साबणाची." आणि दुसरं कापायला घ्यायचे.

त्यांची नात आर्या सगळं मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. "तात्या, नॉट टू शॉर्ट, ओके? आय हॅव नेटबॉल फोटोज."

"ओके-बिके काय नाय. मान खाली."

आणि मान खाली जायची. त्या खुर्चीत सगळ्यांचीच जायची.

मी विद्यापीठात इतिहास शिकतो. ट्युटोरियलमध्ये मी बोलत नसे. बाकीच्यांच्या घरात पुस्तकं होती, वादविवाद होते. आमच्या घरी बाबा रेस्टॉरंटच्या तंदूरसमोरून थकून येतात आणि आई रेस्ट होममधल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगते. त्या सेमिस्टरला स्वतः विषय निवडून मोठा निबंध लिहायचा होता. मी एकोणिसाव्या शतकातला पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांचा उठाव घेतला, कारण तो विषय घेणारं वर्गात दुसरं कुणी नसणार आणि म्हणून कुणी मला खोडून काढणार नाही, असा माझा भाबडा हिशोब होता. कापसाचे भाव कोसळले, सरकारनं सारा वाढवला, जमिनी सावकारांच्या नावावर जाऊ लागल्या. मग गावोगावचे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जाचे कागद जाळले. त्याआधी काही गावांनी एक वेगळी गोष्ट केली होती. त्यांनी सावकारांना वाळीत टाकलं. पाणी भरायचं नाही, धुणं न्यायचं नाही, झाडलोट करायची नाही, दाढी करायची नाही.

हे मी खुर्चीत बसून, मान खाली घालून, सहज म्हणून सांगितलं. कात्री वाजायची थांबली.

"हे पुस्तकात हाय?"

"हो. न्हाव्यांनी सावकारांची दाढी करायचं बंद केलं, असं लिहिलंय."

"गावाचं नाव?"

"काही गावांची आहेत."

तात्यांनी माझ्या मानेवरचे केस फुंकून उडवले आणि अर्धवट कापलेल्या डोक्यानं मला तसंच बसवून सगळं सांगितलं. त्यांचे पणजोबा धोंडी. गावानं मारुतीसमोर ठरवलं, की सावकाराच्या उंबऱ्यावर कुणी जायचं नाही. धोंडीनं वस्तरा गुंडाळून ठेवला. न्हाव्याची जमीन नव्हती, पण वर्षाचं बलुतं शेतकऱ्यांच्या खळ्यावरून यायचं. "त्यांच्या खळ्यावर दाणा नसला की आमच्याकडं चूल नाय. मग आम्ही कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?" सावकाराची दाढी छातीपर्यंत आली. त्याच गडबडीत सावकाराचा म्हातारा बाप मेला, तर तिरडीला खांदा द्यायलाही गावातलं कुणी गेलं नाही. "एवढं कडक व्हतं बघ," तात्या अभिमानानं म्हणाले.

पण गावात या गोष्टीची दुसरी बाजू होती. धोंडीच्या भावाचा वंश खालच्या आळीत राहायचा. त्यांचं म्हणणं, आमच्या पणज्यानं शब्द पाळला, तुमच्या धोंडीनं मोडला. तो मागच्या दारानं सावकाराकडे गेला. लग्नात मानपानावरून वाद झाला, विहिरीवरून झाला, गुरांवरून झाला, की खालच्या आळीतून हे निघायचंच. तात्यांच्या वयाचा त्यांचा चुलतभाऊ बबन यात सगळ्यांत पुढे. शाळेत असताना या एका वाक्यावरून तात्यांनी बबनचा दात पाडला होता. म्हातारे झाले तरी दोघं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायले नव्हते.

"तू कॉलेजात हायस," तात्या म्हणाले. "बघ पुस्तकात. आमच्या धोंडीनं केली का नाय केली? मला मरायच्या आधी एकदा कळू दे."

मला कुणी अशी जबाबदारी याआधी दिली नव्हती. मी लायब्ररीत बसलो, जुने सरकारी अहवाल स्क्रीनवर वाचत राहिलो. वाळीत टाकल्याचे उल्लेख मिळाले, दाढीचेही मिळाले. तात्यांच्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. धोंडी तर नव्हताच. तिथे न्हाव्यांना नावं नव्हती. महिन्यानं केस वाढल्यावर मी गेलो. खुर्चीत बसेपर्यंत ठरवत होतो, की काहीतरी गोड सांगून टाकावं. तात्यांचा तळवा डोक्यावर आला.

"सापडलं का?"

"तसं... शोधतोय अजून, तात्या."

"खोटं बोलताना टाळू आवळते माणसाची," ते म्हणाले. "नसंल तर नाय म्हण."

"नाही सापडलं."

"बरं." कात्री उचलत ते म्हणाले, "शोध मात्र थांबवू नको."

शेजारी पॅट राहायचा. आयुष्यभर गायी पाळून आता रिटायर झालेला, आयरिश वंशाचा, तात्यांच्याच वयाचा. दर महिन्याला तो "किया ओरा, तात्या!" म्हणत कुंपणाच्या फटीतून यायचा आणि तात्या "कियोरा, कियोरा, बस" म्हणायचे. एकमेकांची भाषा दोघांना येत नव्हती, त्यामुळे त्यांचं चांगलं जमायचं. त्या दिवशी मी होतो म्हणून तात्यांनी मला धोंडीची गोष्ट पॅटला सांगायला लावली. पॅट हसायला लागला. त्याच काळात त्याच्या पूर्वजांच्या गावानंही असंच केलं होतं. खंड वाढवणाऱ्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला गावानं वाळीत टाकलं, त्याच्या शेतात कापणीला कुणी गेलं नाही.

"इथे मला जेवढे आयरिश भेटले," पॅट म्हणाला, "त्या प्रत्येकाच्या पणजोबांनी नकार दिला होता. मग त्या कारभाऱ्याला पाव कोण भाजून देत होतं, मित्रा? आमच्या घरातल्यांनी त्याचे कपडे धुतले. त्याच्या घरी तान्हं मूल होतं. गावानं आम्हाला राहू दिलं नाही. म्हणून तर मी इथे वायकाटोत जन्मलो!"

मी हे तात्यांना सांगितलं. तात्यांचा चेहरा कसानुसा झाला. "त्याला सांग, आमच्याकडं तसलं नसतं." मग पॅटच्या कानामागचे केस त्यांनी नेहमीपेक्षा जास्तच बारीक केले.

त्या हिवाळ्यात गावी माझे आजोबा वारले. बाबांना जाता आलं नाही. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. अग्नी काकांनी दिला. बाबा कामावर जात राहिले, ताट मात्र अर्धं तसंच उरायचं. दहाव्याच्या आदल्या दिवशी ते मॉलमधल्या एका बार्बरशॉपसमोर गाडी लावून बसले आणि न उतरताच परत आले. आईला म्हणाले, "आतमध्ये गाणी लागलीयेत. त्या पोराला काय सांगू? बाप मेला म्हणून डोकं कर, असं सांगू?"

मी तात्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "सकाळी घेऊन ये. बिनचहाचा."

त्या दिवशी गॅरेज नव्हतं. तात्यांनी मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ पाट मांडला होता. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते तयार होते. गवतावर दहिवर होतं. बाबा पाटावर बसले, तात्या गुडघे मुडपून समोर बसले, आणि पहिल्यांदाच डोक्यावर हात ठेवून ते काही बोलले नाहीत. वस्तरा कपाळापासून मागे गेला. मागे तेवढी शेंडी राखली. बाबा रडायला लागले तेव्हा तात्यांनी वस्तरा उचलून धरला, थांबले, मग पुन्हा टेकवला. कुंपणापलीकडे पॅट बादली घेऊन आला होता. त्यानं पाहिलं, डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला.

शेवटी बाबांनी खिशात हात घातला. तात्या जवळजवळ ओरडलेच. "ठेव ते आत. मयताच्या क्षौराला काय घ्यायचं नाय. आन् नाय पण म्हणायचं नाय, कुणाचंबी असू दे. आमच्या घरचा नेम हाय."

आजोबा गेल्यापासून बाबा त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर जेवले. तात्यांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण कुणी एकच विचारला तर मी हा सांगेन.

तात्यांचं ते नेमाचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. निबंध द्यायची वेळ आली होती आणि मी अडकलो होतो. पुढच्या वेळी खुर्चीत बसलो आणि विचारलं, "तात्या, क्षौराला नाही म्हणायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आज्यानं."

"आणि त्यांना?"

"त्याच्या बापानं." कात्री चालू होती. "धोंडीनं."

"पण बाकीचे न्हावीही नाही म्हणत नसतील ना? मग मुद्दाम नेम कशाला करायचा?"

कात्री थांबली. डोक्यावरचा तळवा तसाच राहिला, आणि माझी टाळू नव्हे, त्यांचा हात किंचित आवळल्यासारखा मला वाटला. पॅटचं लॉनमोअर चालू होतं. ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

"सावकाराचा म्हातारा मेला," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले. "खांद्याला कुणी गेलं नाय. मग सावकाराचं डोकं कुणी केलं?"

मी मागे वळून पाहिलं. तात्या वाकून चाकाखालची वीट नीट करत होते, जी नीटच होती. मी उठलो, आणि त्यांना त्या खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बबन्या खरं बोलत व्हता म्हणजे."

"तात्या, पण..."

"आन् आम्हीबी खरंच बोलत व्हतो. दाढी केली नसंल त्यानं. डोकं केलं असंल. दोन्ही निराळं हाय." त्यांनी सदऱ्यावरचे केस झटकले. "भीती वाटली असंल रं त्याला. सगळं गाव शेतकऱ्याच्या बाजूनं. त्याचीबी बाजू तीच. बलुतं बंद झालं असतं तर पोरं उपाशी. आन् तरी गेला असंल. भांडण जित्या माणसाशी व्हतं. मेलेल्याशी काय भांडायचं?"

मी उतावीळपणे विचारलं, "हे निबंधात लिहू?"

"लिही की. पण झालं असं लिहू नको. झालं असंल, असं लिही. तू नव्हतास, मी नव्हतो."

संध्याकाळी हे संदीपदादाच्या कानावर आलं. "तात्या, दीडशे वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

"मला विचारत्यात," तात्या म्हणाले. "आता मी जाऊन सांगणार."

मी निबंधात तसंच लिहिलं. वर्गासमोर मांडायची वेळ आली तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं, "याला पुरावा काय?" पूर्वी मी गप्प बसलो असतो. त्या दिवशी म्हणालो, की पुरावा नाही, एका घरातला एक नेम आहे, आणि तो कशामुळे पडला असेल याचा हा अंदाज आहे. तो चुकीचाही असू शकतो. मी मान वर करून बोललो, आणि ती मान वर करायला मला मान खाली घालायला लावणाऱ्या माणसानं शिकवलं होतं.

व्हिसा संपला तेव्हा तात्यांना ऑकलंडच्या विमानतळावर सोडायला मीही गेलो होतो. आर्या रडत इंग्रजीत काहीतरी बोलत होती आणि तात्या मराठीत तिला बरोबर उत्तरं देत होते. माझ्या डोक्यावर त्यांनी तळवा ठेवला, मानेपर्यंत नेला. "वाढलेत. कुणाकडूनबी काप. फक्त आरशात बघत बसू नको, कापणाऱ्याला त्याचं काम करू दे."

गावी पोचल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. स्क्रीनवर त्यांचा कान आणि मागे पाराचा चौथरा दिसत होता.

"सांगितलं मी बबन्याला. पारावर, चारचौघांत. म्हटलं, तुमचं खरं. आमचा धोंडी गेला असंल."

"मग? काय म्हणाले?"

"चिडला की रं! म्हणतो, आता म्हातारपणी भांडायचं कशावरनं?" तात्या इतके हसले, की फोन पडला. नंतर म्हणाले, "चहाला ये म्हटलं. आला न्हाई. पर नाय पण म्हणाला न्हाई."

यंदा जूनमध्ये मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, की तात्या झोपेतच गेले. संदीपदादा त्याच दिवशी निघाला. काय लिहावं सुचेना, म्हणून नुसते हात जोडलेले पाठवले, जसे बाकी सगळ्यांनी पाठवले होते. वाईट वाटण्यातही एक काळजी होती. मला माहीत होतं, की त्या गावात आता पारावर कुणी बसत नाही. तालुक्याला सलून आहेत, तिथली मुलं मॉलमधल्यासारखीच आहेत. संदीपदादाचं डोकं कुणी केलं असेल?

तो परतल्यावर मी आईनं दिलेला डबा घेऊन गेलो. गॅरेजमध्ये खुर्ची तशीच होती, चाकाखाली वीट होती. पॅट आधीच येऊन उलट्या बादलीवर बसला होता. संदीपदादानं लोकरीची टोपी काढली. डोक्यावर कोवळे केस येत होते, आणि दोन ठिकाणी कापल्याच्या बारीक खुणा होत्या.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"बबनकाकांनी," तो म्हणाला. "मी तालुक्याला माणूस पाठवणार होतो. तेवढ्यात काका स्वतःच वस्तरा घेऊन वर आले. आमच्या घराची पायरी चढलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात इतके थरथरत होते, की मी म्हटलं, काका, राहू द्या, मी दुसरं कुणाला तरी बोलावतो. तर माझ्या डोक्यावर हात ठेवला, तात्या ठेवायचे तसाच, पूर्ण. आणि म्हणाले, 'गप बस. मयताच्या क्षौराला नाय म्हणायचं नाय. आमच्या घरचा नेम हाय.'"